सूक्ष्मदर्शकाच्या दृष्टिक्षेत्राचे मापन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सूक्ष्मदर्शकाच्या नेत्रिकेला डोळा लावला असता प्रथम दिसते ते प्रकाशाचे एक वर्तुळ होय. या वर्तुळाच्या आत जे येते तेवढेच निरीक्षकास दिसते. काचपट्टीवरील उरलेला सारा भाग त्या क्षणी त्याच्यापुरता नसल्यासारखाच असतो. या वर्तुळास 'दृष्टिक्षेत्र' अशी संज्ञा आहे. आपल्या महाविद्यालयीन प्रयोगशाळांतून सूक्ष्मदर्शकाची ओळख करून देताना विशालनावर भर दिला जातो. वस्तू चारशे पट मोठी दिसते की हजार पट, हे विद्यार्थ्यास तोंडपाठ असते. मात्र त्या वर्तुळाचा व्यास प्रत्यक्षात किती मिलिमीटर आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

वास्तविक हा प्रश्न विशालनाइतकाच मूलभूत आहे. विशालन हे केवळ एक गुणोत्तर असून त्यावरून वस्तूचा आकार कळत नाही. दृष्टिक्षेत्राचा व्यास ठाऊक असेल तरच दिसणाऱ्या पेशीची लांबी सांगता येते व एका क्षेत्रात मोजलेल्या जंतूंच्या संख्येला निश्चित अर्थ प्राप्त होतो. हे ज्ञान एका दिवसात लाभलेले नाही. सतराव्या शतकातील वाळूच्या कणापासून आजच्या क्षेत्रांकापर्यंत त्याचा सुमारे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासातील महत्त्वाच्या टप्प्यांचा आढावा घेतला असून, मापनाची साधने उपलब्ध झाल्यानंतरही 'प्रति क्षेत्र' मोजणीची सवय का टिकून राहिली व तिचे परिणाम काय झाले, याचे विवेचन केले आहे.

रॉबर्ट हुक : दोन डोळ्यांची मोजपट्टी

इ. स. १६६५ मध्ये रॉबर्ट हुक यांचा 'मायक्रोग्राफिया' हा ग्रंथ लंडन येथे प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे जगप्रसिद्ध आहेत; परंतु प्रस्तावनेत दिलेल्या मापनपद्धतीकडे तुलनेने कमी लक्ष गेले आहे. हुक एका डोळ्याने सूक्ष्मदर्शकातून वस्तू पाहत आणि त्याच वेळी दुसऱ्या उघड्या डोळ्याने तेवढ्याच अंतरावर ठेवलेली, इंच व त्याचे भाग आखलेली पट्टी पाहत. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर पडल्यासारख्या दिसत व वस्तूची प्रतिमा पट्टीवरील किती भाग व्यापते हे वाचता येई. वस्तूचा मूळ आकार माहीत असेल तर यावरून विशालन काढता येत असे आणि विशालन माहीत झाले की अन्य वस्तूंचा आकार काढता येत असे.

याच ग्रंथात बुचाच्या कापाचे प्रसिद्ध निरीक्षण आहे. 'सेल' हा शब्द जीवशास्त्रात आला तो येथूनच. हुक यांनी एका इंचाच्या अठराव्या भागात ओळीने सुमारे साठ कप्पे मोजले. त्यावरून एका इंचात १,०८०, एका चौरस इंचात ११,६६,४०० आणि एका घन इंचात १,२५,९७,१२,००० कप्पे असले पाहिजेत, असे त्यांनी गणित मांडले. प्रत्यक्ष मोजणी साठ कप्प्यांचीच होती. अब्जांची संख्या ही केवळ गुणाकाराने आली. आजच्या एककात एका कप्प्याची रुंदी सुमारे २३.५ मायक्रोमीटर येते. लहान अंतरात मोजावे, त्या अंतराचे माप निश्चित करावे आणि त्यावरून संपूर्णाचे अनुमान करावे, हे दृष्टिक्षेत्र-गणनेचे सूत्र येथे स्पष्टपणे आढळते. साठ कप्पे मोजताना एखाद्या कप्प्याची चूक झाली तर घन इंचाच्या संख्येत ती सुमारे तिप्पट प्रमाणात वाढते, ही या सूत्राची मर्यादाही तितकीच लक्षणीय आहे.

हुक यांच्या संयुक्त सूक्ष्मदर्शकात नेत्रिका व वस्तुभिंग यांच्या दरम्यान एक मधले भिंग बसविण्याची सोय होती. वस्तूचा अधिक भाग एकाच वेळी पाहावयाचा असेल तेव्हा ते हे भिंग वापरीत आणि सूक्ष्म तपशील न्याहाळावयाचा असेल तेव्हा ते काढून ठेवीत, असे त्यांनी स्वतःच नोंदविले आहे. प्रत्येक जादा भिंगामुळे प्रतिमा अंधूक होई. विस्तार हवा की स्पष्टता, ही निवड निरीक्षकास तेव्हापासूनच करावी लागत होती.

लेव्हेनहूक आणि ज्युरिन : वाळूपासून तारेपर्यंत

हॉलंडमधील डेल्फ्ट येथील कापडव्यापारी अँटनी व्हॅन लेव्हेनहूक यांचे सूक्ष्मदर्शक एकाच भिंगाचे होते. अशा उपकरणात भिंग व डोळा यांच्या दरम्यान खरी प्रतिमा तयार होत नाही. त्यामुळे आत मोजपट्टी ठेवण्यास जागाच नसते. यास्तव लेव्हेनहूक यांनी तुलनेचा मार्ग स्वीकारला. वाळूचा कण, केस, मोहरी, उवेचा डोळा अशा परिचित वस्तू हीच त्यांची मापे होती. रॉयल सोसायटीस पाठविलेल्या ९ ऑक्टोबर १६७६ च्या पत्रात पाण्यातील अतिसूक्ष्म जीवांविषयी त्यांनी असा हिशेब मांडला, की असे शंभर जीव ओळीने ठेवले तरी जाड वाळूच्या एका कणाची लांबी भरणार नाही. म्हणजेच आकारमानाने असे दहा लक्ष जीवही त्या कणाची बरोबरी करणार नाहीत.

गणित निर्दोष होते; दोष मापात होता. डेल्फ्टमधील वाळूचा कण आणि लंडनमधील वाळूचा कण सारखा असेल याची कोणतीही हमी नव्हती. ही अडचण इंग्लंडमधील वैद्य जेम्स ज्युरिन यांनी १७१८ च्या सुमारास मोठ्या कौशल्याने दूर केली. त्यांनी अत्यंत बारीक चांदीची तार सुईभोवती वेढे एकमेकांस चिकटतील अशी गुंडाळली. एका इंचात किती वेढे बसतात हे मोजून तारेची जाडी काढली. ती १/४८५ इंच भरली. नंतर तारेचे बारीक तुकडे करून ते रक्ताबरोबर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. तारेच्या रुंदीत रक्तातील चार गोलक मावतात असे आढळल्याने एका गोलकाचा व्यास १/१९४० इंच ठरला. ज्युरिन यांनी तारेचे तुकडे वृद्ध लेव्हेनहूक यांच्याकडेही पाठविले.

१/१९४० इंच म्हणजे सुमारे १३ मायक्रोमीटर. मानवी तांबड्या पेशीचा व्यास आज ७ ते ८ मायक्रोमीटर मानला जातो; म्हणजे ज्युरिन यांचे उत्तर बरेच मोठे होते. तरीही या प्रयोगाचे महत्त्व उणे होत नाही. माप आता निरीक्षकाच्या कल्पनेवर अवलंबून न राहता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पाठविता येणारी, कोणासही पुन्हा तपासता येणारी वस्तू बनले. उत्तर चुकीचे असले तरी ते दुरुस्त करण्याची वाट खुली झाली.

नेत्रिकेतील प्रतल

मापनाची दुसरी वाट दुर्बिणीकडून आली. योहान्नेस केप्लर यांनी १६११ मध्ये दोन बहिर्वक्र भिंगांच्या दुर्बिणीचे वर्णन केले. या रचनेत नेत्रिकेच्या नाभीय प्रतलात वस्तूची खरी प्रतिमा तयार होते. त्या प्रतलात एखादी तार ताणली तर ती प्रतिमेइतकीच स्पष्ट दिसते. इंग्लंडमधील विल्यम गॅस्कॉइन यांनी १६४० च्या सुमारास या तत्त्वाचा उपयोग करून दुर्बिणीसाठी सूक्ष्ममापक तयार केला. १६४४ मध्ये यादवी युद्धातील मार्स्टन मूरच्या लढाईत ते मारले गेले आणि त्यांच्या शोधाची माहिती १६६७ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकातून जगापुढे आली. संयुक्त सूक्ष्मदर्शकातही असेच प्रतल असल्याने अठराव्या शतकात नेत्रिकेत आखीव मापक बसविण्याची प्रथा पडली.

ख्रिस्तियान हायगेन्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दोन भिंगांच्या नेत्रिकेमुळे दृष्टिक्षेत्र अधिक विस्तृत व कडेपर्यंत अधिक स्पष्ट झाले. या नेत्रिकेत दोन भिंगांच्या दरम्यान मध्यभागी गोल छिद्र असलेली एक पातळ चकती बसविलेली असते. निरीक्षकास दिसणारे प्रकाशाचे वर्तुळ म्हणजे या छिद्राची कड होय. दृष्टिक्षेत्राची सीमा निसर्गाने आखलेली नाही. ती नेत्रिका घडविणाऱ्या कारागिराने धातूच्या चकतीत कापलेली आहे. ही बाब पुढील विवेचनाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

नोबर्ट यांच्या रेषा आणि एककाचा प्रश्न

नेत्रिकेतील मापकाचे एक घर म्हणजे प्रत्यक्षात किती अंतर, हे वस्तुभिंगानुसार बदलते. यास्तव मंचावर ठेवण्यासाठी ज्ञात अंतरावर रेषा आखलेली काचपट्टी आवश्यक ठरते. या कामात जर्मनीतील बार्थ येथील फ्रीड्रिख आडोल्फ नोबर्ट (१८०६–१८८१) यांनी असामान्य प्रावीण्य मिळविले. १८४५ पासून त्यांनी काचेवर हिऱ्याने रेषांचे उत्तरोत्तर दाट होत जाणारे पट्टे आखले. त्यांच्या एकोणीस पट्ट्यांच्या प्रसिद्ध काचपट्टीवर सर्वांत दाट रेषांमधील अंतर पॅरिस रेषेचा दहा हजारावा भाग, म्हणजे सुमारे ०.२३ मायक्रोमीटर होते. कोणाचे भिंग कितवा पट्टा वेगळा दाखविते, यावर तत्कालीन सूक्ष्मदर्शकांची प्रतवारी होऊ लागली.

नोबर्ट यांचे माप पॅरिस रेषेत होते, तर इंग्रज निरीक्षक इंचाच्या अपूर्णांकात बोलत. २० मे १८७५ रोजी पॅरिस येथे मीटर करार झाला आणि १८७९ मध्ये मिलिमीटरच्या सहस्रांशास 'मायक्रॉन' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. १९६७ मध्ये हे नाव अधिकृतरीत्या रद्द होऊन 'मायक्रोमीटर' हेच नाव राहिले. तथापि प्रयोगशाळांच्या बोलीत 'मायक्रॉन' आजही ऐकू येतो. आज सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या मंचीय मापकावर एक मिलिमीटरचे शंभर भाग आखलेले असतात. प्रत्येक भाग दहा मायक्रोमीटरचा असतो. हा मापक काचपट्टीच्या जागी ठेवून दृष्टिक्षेत्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत किती घरे येतात हे मोजले, की व्यास थेट मिळतो.

रक्तपेशींची गणना : क्षेत्रातून मुक्ती

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वैद्यकशास्त्राने सूक्ष्मदर्शकाकडून केवळ चित्राची नव्हे तर संख्येची अपेक्षा सुरू केली. कार्ल फीरोर्ट यांनी १८५२ मध्ये रक्तपेशींची गणना प्रसिद्ध केली. परंतु त्यांची पद्धत अतिशय कष्टाची होती. त्यानंतर फ्रान्समध्ये लुई-शार्ल मालासे व इंग्लंडमध्ये विल्यम गॉवर्स यांनी ती सुलभ केली. रिखार्ड थोमा यांनी कार्ल त्साइस यांच्या कारखान्याच्या साहाय्याने गणनाकक्षास जे रूप दिले ते मूलतः आजही टिकून आहे. त्यात ०.१ मिलिमीटर खोलीच्या कक्षाच्या तळाशी एक चौरस मिलिमीटरचे चारशे चौकोन आखलेले असतात.

या कक्षामुळे मोजणीचा आधारच बदलला. माप नेत्रिकेत नसून नमुन्याच्या खालीच असल्याने कोणत्या बनावटीचा सूक्ष्मदर्शक वापरला, त्याचे दृष्टिक्षेत्र केवढे आहे, याने उत्तरात फरक पडत नाही. एका छोट्या चौकोनावरील रक्ताचे आकारमान १/४००० घन मिलिमीटर असते, ते जेना येथेही तेवढेच आणि मुंबईतही तेवढेच. रक्तपेशींची गणना अशा प्रकारे दृष्टिक्षेत्राच्या परावलंबनातून मुक्त झाली. मात्र काचपट्टीवर पसरून वाळविलेली थुंकी किंवा रोग्याच्या गाठीचा पातळ काप यांच्याखाली अशी चौकट नसते. तेथे मोजणीचे एकक म्हणून 'क्षेत्र' हेच राहिले.

क्षेत्रांक व त्याचे गणित

आधुनिक नेत्रिकांवर विशालनासमवेत अठरा, वीस, बावीस असा आणखी एक आकडा बहुधा कोरलेला असतो. हा 'क्षेत्रांक' होय. नेत्रिकेतील मर्यादक छिद्राचा, नेत्रिकेतून दिसणारा व्यास तो मिलिमीटरमध्ये दर्शवितो. क्षेत्रांकास वस्तुभिंगाच्या विशालनाने भागले असता दृष्टिक्षेत्राचा प्रत्यक्ष व्यास मिळतो. नळीत जादा विशालन करणारे भिंग असल्यास त्याच्या विशालनानेही भागावे लागते.

उदाहरणार्थ, क्षेत्रांक १८ असलेली नेत्रिका व दहापट वस्तुभिंग यांचा व्यास १.८ मिलिमीटर येतो. पारदर्शक पट्टी मंचावर ठेवून हे कोणत्याही शाळेत पडताळून पाहता येते. शंभरपट तैलनिमज्जन भिंगाखाली हाच व्यास ०.१८ मिलिमीटर होतो. क्षेत्रांक २२ असेल तर तो ०.२२ मिलिमीटर होतो. दोन्ही नेत्रिका दहापट असल्याने एकूण विशालन दोन्हीकडे हजारच राहते. मात्र क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने पहिल्या दृष्टिक्षेत्राचे क्षेत्रफळ ०.०२५ चौरस मिलिमीटर, तर दुसऱ्याचे ०.०३८ चौरस मिलिमीटर येते. विशालन समान असतानाही दुसरा निरीक्षक एका नजरेत जवळजवळ दीडपट नमुना पाहतो.

'प्रति क्षेत्र' मोजणीचे परिणाम

स्तनाच्या कर्करोगाची प्रतवारी करताना विभाजनावस्थेतील पेशींची संख्या विचारात घेतली जाते. ब्लूम व रिचर्डसन यांच्या १९५७ च्या पद्धतीत ही मोजणी उच्च विशालनाच्या क्षेत्रांवर आधारलेली होती. एल्स्टन व एलिस यांनी १९९१ मध्ये नॉटिंगहॅम येथून सुधारित पद्धत मांडताना ०.४४, ०.५९ व ०.६३ मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रांसाठी स्वतंत्र मर्यादा दिल्या. या तक्त्याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होतो. दहा क्षेत्रांत अशा अकरा पेशी आढळल्या असे समजू. क्षेत्राचा व्यास ०.४४ मिलिमीटर असेल तर गुण ३ मिळतात, ०.५९ असेल तर २ आणि ०.६३ असेल तर १. 'दहा क्षेत्रांत अकरा' एवढेच लिहिलेल्या अहवालाचे तीन अर्थ होऊ शकतात आणि प्रतवारीचा संबंध पुढील उपचारांशी असतो. २०१९ पासून प्रसिद्ध होत असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अर्बुद-वर्गीकरणाच्या पाचव्या आवृत्तीत ही संख्या प्रति चौरस मिलिमीटर देण्याचे धोरण स्वीकारले आहे, ते याच कारणाने.

भारताच्या दृष्टीने क्षयरोगाचे उदाहरण अधिक जवळचे आहे. १९९७ मध्ये सुरू झालेल्या सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमात थुंकीची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी हा निदानाचा कणा होता. दर एक लाख लोकसंख्येमागे, आणि आदिवासी व डोंगराळ भागात पन्नास हजारांमागे, एक सूक्ष्मदर्शी केंद्र असा निकष होता. २०२० मध्ये या कार्यक्रमास राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रम असे नाव मिळाले. आज रेणवीय चाचण्यांचा वापर वाढत असला तरी थुंकी तपासणीचे काम थांबलेले नाही. तिच्या प्रतवारीनुसार शंभर तैलनिमज्जन क्षेत्रांत एकही जंतू न आढळल्यास अहवाल 'नकारात्मक' असतो. एक ते नऊ आढळल्यास 'अल्प', दहा ते नव्याण्णव आढळल्यास 'एक अधिक', प्रत्येक क्षेत्रात एक ते दहा असल्यास 'दोन अधिक' आणि त्याहून जास्त असल्यास 'तीन अधिक' असे नोंदविले जाते.

आता एका चौरस मिलिमीटरमध्ये सरासरी ३.२ जंतू समप्रमाणात पसरले आहेत असे गृहीत धरू. क्षेत्रांक १८ च्या नेत्रिकेतून शंभर क्षेत्रे म्हणजे २.५४ चौरस मिलिमीटर; त्यात सुमारे ८ जंतू येतील व अहवाल 'अल्प' होईल. क्षेत्रांक २२ च्या नेत्रिकेतून शंभर क्षेत्रे म्हणजे ३.८ चौरस मिलिमीटर. त्यात सुमारे १२ जंतू येऊन अहवाल 'एक अधिक' होईल. नमुना एकच, तंत्रज्ञ तितकेच दक्ष. फरक केवळ धातूच्या छिद्राचा. प्रमाणित लेप दोन सेंटिमीटर रुंद व तीन सेंटिमीटर लांब, म्हणजे सहाशे चौरस मिलिमीटर असतो. शंभर क्षेत्रे तपासूनही पहिल्या उपकरणाने त्याचा ०.४ टक्का, तर दुसऱ्याने ०.६ टक्का भाग पाहिला जातो. जंतू अत्यंत विरळ असलेल्या नमुन्यात हा फरक 'आढळले' आणि 'आढळले नाही' यांमधील असू शकतो.

अर्थात थुंकीच्या नमुन्याची गुणवत्ता, लेपाची जाडी, रंजनप्रक्रिया व तंत्रज्ञावरील कामाचा ताण यांचा परिणाम याहून मोठा असू शकतो. परंतु या घटकांवर नियंत्रण ठेवण्यास मनुष्यबळ व निधी लागतो. क्षेत्रांक वाचून नोंदविण्यास केवळ एक भागाकार लागतो.

निष्कर्ष

१. दृष्टिक्षेत्राच्या मापनाचा इतिहास हा परिचित वस्तूशी तुलना, हस्तांतरणीय माप, नेत्रिकेतील मापक आणि आंतरराष्ट्रीय एकक अशा क्रमाने विकसित झाला.

२. दृष्टिक्षेत्र हे नैसर्गिक एकक नसून उपकरणाच्या घडणीवर अवलंबून असलेली मर्यादा आहे. समान विशालनाच्या दोन सूक्ष्मदर्शकांचे दृष्टिक्षेत्र समान असेलच असे नाही.

३. रक्तपेशींच्या गणनेत नमुन्याखालीच चौकट आखून हा प्रश्न एकोणिसाव्या शतकातच सुटला; ऊतींचे काप व थुंकीचे लेप यांच्याबाबतीत तो एकविसाव्या शतकातही रेंगाळत राहिला.

४. मोजणीच्या अहवालात क्षेत्रांची संख्या देताना एका क्षेत्राचा व्यास किंवा क्षेत्रफळ नमूद करणे आवश्यक आहे. प्रत्येक सूक्ष्मदर्शकावर प्रत्येक वस्तुभिंगाचा दृष्टिक्षेत्र-व्यास दर्शविणारी चिठ्ठी लावल्यास हे सहज साध्य होईल.

५. पदवी स्तरावरील प्रात्यक्षिकांत विशालनाबरोबरच दृष्टिक्षेत्राच्या मापनाचा समावेश व्हावा. साठ कप्पे मोजणाऱ्या हुक यांनी ते किती अंतरात मोजले हे लिहून ठेवले होते, म्हणूनच आजही त्यांचे निरीक्षण तपासता येते. संख्येसोबत तिचे क्षेत्र नोंदविण्याची ही शिस्त विद्यार्थ्यांच्या अंगी बाणणे हेच या इतिहासाच्या अभ्यासाचे खरे प्रयोजन होय.